बोटांवरची चक्रं

डिसेंबर २०१० मध्ये आयर्लंडमधल्या मलिंगारच्या पोलीस ठाण्यात माझ्या दहाही बोटांचे ठसे उमटले. त्याआधी ते दोनदा उमटले नव्हते.

ठसे मनवासाठी हवे होते. मनवा माझ्या बहिणीची मुलगी, आठ वर्षांची. वडील ती तान्ही असतानाच गेले होते. त्या उन्हाळ्यात इथल्याच एनिस गावी बहीणही आजारपणात गेली. मनवा माझ्याकडे आली, पण कायद्याने मी तिची कोणी नव्हते. पालकत्व मिळालं नाही, तर तिला माझ्याजवळ ठेवता येणार नव्हतं. मी पूर्वी अमेरिकेत काम केलं होतं, म्हणून न्यायालयाला तिथल्या पोलिसांचा दाखला हवा होता. तो ठशांशिवाय मिळत नाही. मी सर्जन आहे. शस्त्रक्रियेआधी हात घासून घासून बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. कागदावर शाईचे नुसते डाग येत.

"चोरी करायला अशीच बोटं हवीत, डॉक्टर," ठसे घेणारा वयस्क पोलीस म्हणाला होता. मीही हसले होते. अमेरिकेतून दुसऱ्यांदा नकार आला, तेव्हा हसू आलं नाही.

बहीण मनवाला सांगायची, देवाने आपले शंख आणि चक्र माणसाच्या बोटांवर ठेवले आहेत. त्या संध्याकाळी मनवाने माझं एकेक बोट उजेडात धरून पाहिलं. "मावशी, यू हॅव नन," ती म्हणाली.

बहीण गेल्यापासून मी देवापुढे दिवा लावला नव्हता. तेव्हा लावला. मागणं सुचलं नाही. 'माझ्या हातांनी होत नाही, आता तू बघ,' एवढंच म्हटलं. हातांवर जगणाऱ्या माणसाला हे म्हणणं जड जातं.

दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू झाला. शाळा बंद झाली, मनवाजवळ थांबायला कोणी नव्हतं, मी रजा घेतली. बर्फ थांबेना, रजा वाढत गेली. घरातल्या वाती संपल्या. साताऱ्याहून आई फोनवर म्हणाली, "अगं, माणसांना टाके घालतेस आणि साधी फुलवात वळता येत नाही? बोटांना तूप लाव, घाई करू नकोस." मनवा आणि मी रोज वाती वळू लागलो.

एका सकाळी त्याच पोलिसाचा फोन आला. मी त्याला काही कळवलं नव्हतं. "बर्फामुळे आज इथे कोणी नाही. निवांत बघू या का पुन्हा?" आम्ही दोघी चालत गेलो. त्याने माझा अंगठा शाईवरून कागदावर फिरवला आणि उचलला. कागदावर एकात एक गोल रेषा होत्या, बारीक, न तुटलेल्या.

"चक्र!" मनवा ओरडली. "मावशी, लुक, चक्र!"

पोलिसाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "ग्रँड," तो हळूच म्हणाला, आणि पुढचं बोट हातात घेतलं. करंगळीवर शंख निघाला.

हातांना विसावा मिळाला की कातडी भरून येते, हे मला डॉक्टर म्हणून ठाऊक आहे. त्याला फोन करावासा का वाटला, हे मी विचारलं. त्यालाही सांगता आलं नाही. मी तिथेच हात जोडले. ते शाईने काळे होते.

वसंतात दाखला आला. उन्हाळ्याआधी न्यायालयाने मनवाचं पालकत्व माझ्याकडे दिलं. त्या संध्याकाळी दिवा मनवाने लावला.