औषध घेतलंय का?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकमधल्या एका खासगी लॅबमध्ये जंतूंच्या टेबलावर काम करत होते. नमुन्यात कुठला जंतू आहे आणि तो कुठल्या औषधाने मरतो, एवढं शोधून द्यायचं. माणसं माझ्याकडे यायची ती बाटलीतून, आणि मला ते पसंत होतं. बाटली हुज्जत घालत नाही. खिडकीवर बसून लोकांशी गोड बोलायचं काम दुसऱ्या बाईंचं. त्या रजेवर असल्या की मला बसावं लागे, आणि त्या दिवशी रांग भराभर सरके. माझ्याशी गप्पा मारायची कुणाची छाती नव्हती.

अशाच एका दिवशी वणीकडच्या सासू-सुना आल्या. सुनेला सहावा महिना, थंडी वाजून ताप, कमरेत कळा. शेजारच्या इमारतीतल्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी लघवीची तपासणी लिहून दिली होती. आधीचं एक मूल पोटातच गेलं, हेही चिठ्ठीवर होतं. मी बाटली पुढे केली आणि सगळ्यांना विचारते तेच विचारलं, "औषध घेतलंय का?"

सुनेने मान खाली घातली. सासूने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिच्या घरातून भांडंच उचललं होतं. "नाय," ती म्हणाली. "आमच्याकडं कुणी औषध घेतलेलं नाय."

बरं बाई, नाही तर नाही.

दुसऱ्या दिवशी जंतू वाढवायची प्लेट कोरी. सूक्ष्मदर्शकाखाली पूच्या पेशी खच्चून भरलेल्या, आणि प्लेटवर एक ठिपका उगवेल तर शपथ. म्हणजे हिने काहीतरी गिळलं होतं, आणि त्याने जंतू मेले नव्हते, नुसते दबले होते. माझं डोकंच फिरलं. जंतू हाताला लागल्याशिवाय तो कशाने मरतो ते सांगणार कसं? तोवर सुनेला दाखल करून घेतलं होतं, आणि डॉक्टरीणबाईंचा फोन येऊन गेला होता. ताप असाच राहिला तर हेही मूल हातचं जाईल. गरोदर बाईला चालतील अशी इंजेक्शनं मोजकीच, त्यातलं कुठलं द्यायचं ते लवकर कळवा.

नवी बाटली घेऊन मी स्वतःच तिकडे गेले. सासू चहा आणायला खाली उतरली होती. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"खरं सांग," मी म्हटलं, "औषध घेतलंस ना?"

"नाय ताई. गोळ्या खाल्ल्या. गावातल्या डॉक्टरनी दिल्या व्हत्या. परवा संपल्या."

"अगं मग तेच तर विचारतेय मी!"

"तुम्ही औषध म्हणल्या."

दिंडोरी-वणीचा सगळा द्राक्षांचा मुलूख. तिथे औषध म्हणजे बागेवर मारायचं. आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला हसू आलं. मी नवा नमुना घेतला, त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी अंदाजाने एक इंजेक्शन सुरू केलं. लॅबमध्ये परतल्यावर हा किस्सा मी तिखटमीठ लावून सांगितला. चहाबरोबर सगळे पोटभर हसले.

या वेळी प्लेटवर जंतू उगवले. एकसारखे दिसणारे चार-पाच ठिपके तारेने उचलायचे आणि सलाइनच्या नळीत कालवायचे. ते पाणी किती गढूळ हवं हे दाखवणारी एक ठरलेली नळी असते. दोन्ही नळ्या काळ्या रेघांच्या पांढऱ्या कार्डासमोर धरून ताडून बघायच्या. तांदूळ तिसऱ्यांदा धुतल्यावर पाणी निघतं, साधारण तेवढं गढूळ. पातळ झालं तर जंतू कमी पडतात आणि कुचकामी औषधही शूर दिसायला लागतं. माझी नळी पातळ होती.

लॅबचे मालक, आम्ही त्यांना सर म्हणायचो, मागे येऊन उभे राहिले. "बाई, चालेल हो. लावा आता. तिकडून फोनवर फोन येतायत."

"चालत नाही, सर."

"तुमचं म्हणजे ना, सोनारकाम."

"सोनाराला निदान मजुरी तरी बरी मिळते," मी म्हटलं. ते पुटपुटत निघून गेले.

मी आणखी ठिपके उचलले, पुन्हा कालवलं, पुन्हा कार्डासमोर धरलं. जुळलं. मग कापसाची काडी बुडवून नळीच्या कडेला दाबून पिळली, प्लेट फिरवत फिरवत सगळीकडून सारवली आणि वर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या. एवढं झाल्यावर प्लेट उबेत ठेवायची आणि घरी जायचं. घाई करून जंतू लवकर वाढत नाहीत.

सकाळी पाहिलं, तर अंदाजाने सुरू केलेल्या इंजेक्शनच्या चकतीभोवती जंतू न उगवलेलं रिंगण होतं, पण मापाला थोडं कमी. म्हणजे ते लागू पडणार नव्हतं. नळी पातळ ठेवली असती तर तेच रिंगण मापात बसलं असतं. दुसऱ्या एका चकतीभोवती मात्र ऐसपैस स्वच्छ जागा होती. मी लगेच फोन केला. इंजेक्शन बदललं.

दोनेक दिवसांनी सासू रिपोर्ट न्यायला आली. खिडकीवर पुन्हा मीच होते.

"उतरला का ताप?"

"उतरला. आज चहात पाव बुडवून खाल्ला."

मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं की मला चेष्टा सुचते. "मावशी, गोळ्यांचं आधीच सांगितलं असतंत तर एक दिवस वाचला असता. मी औषध म्हणाले, तर तुम्हाला आपली फवारणी आठवली!"

ती हसली नाही. मागे कुणी उभं नाही ना, ते तिने वळून पाहिलं आणि खिडकीला अगदी चिकटून उभी राहिली.

"ताई, तिनं घेतलं व्हतं. मागचं पोटात गेलं तव्हा. बागेचं औषध. कशीबशी हाती लागली. तुम्ही तिच्या तोंडावर इचारलं, मग मी काय सांगायचं? आता फवारणीचं समदं कुलपात ऱ्हातं, किल्ली माझ्यापाशी. पण मी तरी किती दिस राखण करू?" तिने रिपोर्टची घडी घातली. "हे ऱ्हाईल ना?"

असल्या प्रश्नाला माझं एक ठरलेलं उत्तर होतं, डॉक्टरांना विचारा. प्लेटवर मला जंतू मेलेले दिसले होते. मूल दिसलं नव्हतं, आणि सून तर नाहीच.

"राहील," मी म्हटलं. "दोघंही राहतील."