परतीची टेस्ट

“ताट. वाट. माठ. काठ.”

वायरलेसवरून एका बाईचा आवाज येत होता आणि मी ऐकू येईल तसा एकेक शब्द कागदावर उतरवत होते. कर्जतजवळच्या दहिवलीच्या मागच्या टेकाडावर आमचा तात्पुरता मास्ट उभा होता, म्हणजे एरियल चढवलेला लोखंडी खांब. वारा होता, म्हणून आमचे लाइनमन गणपत आबा त्याचा ताणाचा दोर धरून बसले होते. ‘माठ’ला त्यांनी मान वर केली. ‘काठ’ला त्यांच्या हातून दोर सैल सुटला आणि एरियल डुलायला लागलं.

मी त्यांच्यावर खेकसले. त्या दिवसांत मी खेकसतच असे. सव्वीस वर्षांची ज्युनिअर इंजिनिअर आणि हाताखाली सगळे बापाच्या वयाचे पुरुष. खेकसलं नाही तर कोणी ऐकणार नाही, अशी माझी समजूत होती.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. गावोगाव फोन न्यायचा म्हणजे खांब रोवा, तार ओढा. पावसाळ्यात खांब कलंडायचे आणि तांब्याची तार तर चोर आमच्याआधी मोजून ठेवायचे. म्हणून आमच्या खात्याने ठरवलं की पुढचे फोन तारेविना न्यायचे. कर्जतला एक मोठा सेट बसवायचा आणि आसपासच्या गावांना तिथून रेडिओने जोडायचं. त्याआधी कुठे आवाज पोचतो आणि कुठे नाही, हे पाहायचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवशीचं गाव खालापूरच्या बाजूचं होतं आणि मध्ये डोंगराची सोंड आडवी होती.

आवाज पोचतो का हे तपासायची रीत साधी. एका टोकाला एकाने पन्नास शब्द वाचायचे, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याने लिहायचे. आम्हाला एकमेकांचे आवाज पाठ असतात, त्यामुळे अर्धवट ऐकू आलं तरी कळतं. म्हणून वाचणारा माणूस बाहेरचा हवा. पलीकडे आमचा टेक्निशियन सावंत होता. त्याने गावातल्या ज्या घराच्या अंगणात एरियल लावलं होतं, त्याच घरच्या बाईला यादी दिली होती.

पन्नासावा शब्द झाला. आबांनी दोर खुंटीला पक्का बांधला आणि माझ्याजवळ आले.

“मॅडम, ही माजी कमल हाय.”

आबांची मुलगी त्यांच्याशी बोलत नाही, एवढं ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. खरं तर तेच तिच्याशी बोलत नव्हते. साजगावच्या कारखान्यातल्या एका परजातीच्या मुलाशी तिने लग्न केलं, तेव्हा आबांनी तिला दारातून परत पाठवलं होतं. दोन वर्षं झाली होती त्याला. तिला मुलगा झाल्याचं त्यांना बाजारात कोणाकडून तरी कळलं होतं. पाहिलं नव्हतं.

“एक शब्द बोलू का तिच्याशी?” त्यांनी विचारलं.

सेटवर खासगी बोलायचं नाही, हा नियम मी त्यांना सांगितला. म्हणजे ऐकवलाच. आबांनी माझ्या हातातल्या यादीकडे पाहिलं. मग म्हणाले, आता इकडून तिकडे वाचायचंय ना? मग ते मलाच वाचू द्या.

परतीची टेस्ट राहिलीच होती. आबा आमचेच, पण सगळी नोकरी तारेवर गेलेली. वायरलेसवर त्यांचा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता. नियमात बसत होतं. मी यादी त्यांच्या हातात दिली. माउथपीस दिला, बटण दाखवलं आणि हे दाबून बोला, एवढंच सांगितलं.

चौथी शिकलेला माणूस. बोट ठेवून, संथपणे, एकही शब्द न गाळता त्यांनी सगळी यादी वाचली. शेवटच्या शब्दानंतर थांबले. मग त्याच आवाजात, जणू तेही यादीतच होतं अशा तऱ्हेने म्हणाले, “कमळे, मी आबा. चुकलं गं माजं. पोराला बघाया येऊ का?”

मी नियम विसरले. एवढंच सुचलं की आपण इथे उभं राहू नये. मी पाठ फिरवून मास्टपर्यंत गेले आणि उगाच गाठी तपासत बसले.

बराच वेळ गेला. पाहिलं तर आबा माउथपीस तोंडाशी धरून तसेच उभे होते. सेट गप्प होता. अखेर त्यांनी तो हळूच माझ्या हातात दिला.

“नाय बोलत ती. बरोबर हाय तिचं,” असं म्हणून ते दुखरा गुडघा सांभाळत उतारावरच्या खुंट्या काढायला निघाले.

माउथपीस माझ्या हातात आला आणि सावंतचा आवाज आला. तो वैतागला होता. “मॅडम, बटण सोडा की. ही बाई मघापासून बोलतेय, रडतेय. तुमच्याकडून नुसती शांतता.”

तारेच्या फोनवर बोलणं आणि ऐकणं एकाच वेळी चालतं. वायरलेसचं तसं नसतं. बटण दाबलेलं असेपर्यंत तुम्ही फक्त बोलता, समोरच्याचं काहीही ऐकू येत नाही. आबांनी अंगठा उचललाच नव्हता. आणि उचलायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं.

मी उतारावर धावले. ती बोलली, असं त्यांना सांगितलं. आबांनी खुंटीवरून नजर वर केली नाही. “मॅडम, माजी समजूत नका घालू.”

मी हात धरून त्यांना वर आणलं. या वेळी बाजूला झाले नाही. माउथपीस त्यांच्या हातात दिला, त्यांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला आणि सांगितलं, बोला, आणि बोलून झालं की सोडा.

“कमळे,” आबा म्हणाले. आम्ही दोघांनी अंगठे उचलले.

सेट खरखरला. मग तिचा आवाज आला, रडून बसलेला.

“आबा, गुडगा कसा हाय?”

आबांनी बटण दाबलं. बोलता येईना. सोडलं. पुन्हा दाबलं. “बरा हाय,” म्हणाले आणि लगेच सोडलं, आपल्यामुळे तिचा एकही शब्द बुडायला नको म्हणून.

“मग या की उद्या,” ती म्हणाली. “विचारताय काय असं, परक्यावानी.”

मला रडू आवरेना. मी कागदात डोकं घातलं.

संध्याकाळी कर्जतच्या एक्स्चेंजमधून साहेबांना फोनवर रिपोर्ट दिला. पहिल्या टेस्टला शब्द किती चुकले? तीन, सर. परतीला? एकही नाही, सर. मग परतीला इतका वेळ का? बटण दाबलेलं राहिलं होतं. चूक कोणाची?

“माझी,” मी म्हणाले. “वापरणाऱ्याला नीट समजावलं नव्हतं.”

“तसं लिहा,” साहेब म्हणाले आणि फोन ठेवला. मी तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आबांची रजा होती. त्या गावात तारेविना फोन पोचायला पुढे काही वर्षं गेली. तोवर आबा रिटायर झाले होते आणि दर रविवारी खोपोलीची गाडी धरून नातवाकडे जात होते. त्यांना त्या फोनची फारशी गरज पडली नाही.

मी मात्र त्यानंतर माउथपीस कोणाच्याही हातात देताना आधी त्याचा अंगठा पाहते. दाबायला सगळ्यांना लगेच येतं. सोडायला शिकवावं लागतं.