रामाजी प्रॉम्प्टरचं तळघर

भिलाईत, पॉवर हाऊस भागातल्या बाजारात, शुभम कॉम्प्लेक्सच्या मागच्या अंगाला एक उतार आहे. गाड्यांना तळघरात जाता यावं म्हणून तो बांधला, असं नकाशात होतं. पण त्या उतारावरून वर्षानुवर्षं खाली-वर गेले ते राजे, फौजदार, खाष्ट सासवा आणि दोन-तीन भुतं. खाली उदय नाट्य मंडळाचं सामान होतं. पडदे, मुकुट, लाकडी तलवारी, पुठ्ठ्याचं तुळशीवृंदावन आणि लाल मखमलीचं एक सिंहासन, ज्याच्या मोडक्या पायाखाली कायम वीट असायची. या सगळ्याचे राखणदार होते रामाजी लांजेवार.

रामाजी मंडळाचे प्रॉम्प्टर. भंडाऱ्याकडचं शेतीतलं घर. वडील पोलादाचा प्लँट उभा राहत होता तेव्हा भिलाईला आले आणि इथलेच झाले. रामाजी त्याच प्लँटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्ट्यांवर, लागले. तिथं आठ तास घसा फोडून बोलायचं, नाही तर शेजारच्यालाही ऐकू जात नाही. आणि ड्यूटी सुटली की सायकल हाणत तालमीला यायचं आणि विंगेत बसून कुजबुजायचं. पहिल्यांदा आले ते खरं तर अभिनय करायला. दिग्दर्शकानं एक वाक्य म्हणायला लावलं, ऐकून घेतलं आणि काही न बोलता नाटकाची संहिता त्यांच्या हातात दिली. रामाजींना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट, सगळ्यांची वाक्यं आपल्याला मिळाली, असंच त्यांना वाटलं.

प्रॉम्प्टिंग त्यांनी एखाद्या व्रतासारखं केलं. अख्खं वाक्य कधी द्यायचं नाही, पहिला शब्द द्यायचा. तो एकाच कानात गेला पाहिजे, पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या कानात नाही. नट थांबला आहे की अडला आहे, हे त्याच्या खांद्यांवरून ओळखायचं; थांबलेल्याला शब्द दिला तर तो चिडतो, अडलेल्याला दिला नाही तर तो मरतो. आणि टाळी पडली, नट आत वळला, की प्रॉम्प्टर मुका. मग राहिलेलं वाक्य कितीही मोलाचं असो.

मंडळाचे नायक होते भूषण खिरवडकर. शेजारच्या दुर्ग शहरातल्या जुन्या घराण्यातले, देखणे, आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतली म्हातारी रडायची. फक्त पाठांतर कच्चं. भूषणभाऊ रंगमंचावर असले की उभे राहताना डावा कान विंगेकडे ठेवत. दिग्दर्शक कुठंही उभं करो, दोन वाक्यांत ते डावीकडे सरकलेले असायचे. त्या कानात आयुष्यभर रामाजी बोलत राहिले. लोक भूषणभाऊंना हार घालायचे आणि भूषणभाऊ आत येऊन त्यातलं एक फूल रामाजींच्या खिशात खोचायचे. तेवढ्यानं रामाजींची दुसऱ्या दिवशीची ड्यूटी हलकी जायची.

शुभम कॉम्प्लेक्स भूषणभाऊंच्या वडिलांनी बांधलं. तेव्हा बाजारात माणसं सायकलनं यायची, फार तर लूनावर. सायकली भिंतीला टेकत. तळघर रिकामंच राहिलं, म्हणून त्यांनी किल्ली मंडळाला दिली. "गाड्या येतील तेव्हा पाहू," असं म्हणाले होते. गाड्या यायला फार वर्षं लागली, पण आल्या. तोवर मंडळ संपलं होतं. पोरं पुण्या-बंगळुरूला गेली, जी राहिली ती घरातही हिंदी बोलू लागली. गणपतीत नाटकाच्या जागी ऑर्केस्ट्रा आला. किल्ली मात्र रामाजींकडेच राहिली.

बायको, मैनाबाई, गेल्यावर तर त्यांचा दिवस तळघरातच जायचा. पडदे झटकायचे, मुकुटांना चकाकी द्यायची, एखाद्या शाळेचं संमेलन असलं की तलवारी मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. रिसाली वस्तीतल्या दोन खोल्यांत मुलगा मोहित आणि सून समीक्षा. सून मायाळू होती, पण जागेला ती तरी काय करणार.

"बाबा, पडदे घेऊन या घरी, मैं रख लूँगी," ती एकदा म्हणाली. "पण ते सिंहासन कुठं ठेवू? उसपे बैठके सब्जी काटूँ?"

"काप ना," रामाजी म्हणाले. "राजेही शेवटी वांगीच खात होते."

मग नगर निगमचा, म्हणजे महापालिकेचा, बाजाराच्या विकासाचा मसुदा आला. रस्ता रुंद होणार, जुन्या कॉम्प्लेक्सना आणखी एक मजला चढवायला परवानगी मिळणार. अट एकच, की प्रत्येकानं आपल्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांची सोय स्वतः करायची. नकाशात तळघर पार्किंगचं असेल तर ते पूर्ण मोकळं करायचं. व्यापाऱ्यांना ते हवंच होतं. गिऱ्हाईक गाडी लावायला जागा नाही म्हणून नव्या मॉलकडे वळत होतं, आणि दुकानदार काउंटरवर बसून माश्या मारत होते. यात खोटं काहीच नव्हतं. रामाजींनाही ते कळत होतं. म्हणून त्यांनी सगळं तळघर मागितलंच नाही. मसुद्यावरच्या सुनावणीत बोलायला त्यांनी नाव दिलं ते एवढ्याचसाठी, की पाण्याच्या टाकीमागचा कोपरा, जिथं एरवीही गाडी वळत नाही, तेवढा मंडळाला राहू द्यावा.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या चहाच्या वेळी, उतारावर पावलं वाजली. भिंतीला धरून भूषणभाऊ खाली येत होते.

"रामाजी, आहेस का?"

"कुठं जाऊ? या, भाऊ. हळू, खाली ओल हाय."

भूषणभाऊ सिंहासनावर बसले. वर त्यांचं कपड्यांचं दुकान होतं. आता मुलगा बघायचा. त्यांनी पडद्यांवरून नजर फिरवली.

"उद्या मले बोलायचं आहे. व्यापारी संघानं माझं नाव दिलं. पण पाठ होऊन नाही राहिलं रे. सकाळी काय खाल्लं तेही आता सुनेला विचारतो."

"सूनबाई सांगतात का खरं?"

"ती म्हणते भरपूर खाल्लं. म्हणजे मी परत मागू नये." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "घे. माझी तालीम घे."

रामाजींनी चष्मा लावला. आपलं बुटकं स्टूल ओढून ते डाव्या हाताला बसले. भूषणभाऊ उठले, कोटाची बटणं लावली, आणि त्या ओलसर अंधारात क्षणभर जुना माणूस उभा राहिला. भाषण हिंदीत होतं. सुरुवात झोकात झाली. बाजार, गिऱ्हाईक, येणाऱ्या पिढ्या. मग अडले.

"बेसमेंट," रामाजी कुजबुजले.

"बेसमेंट किसी एक आदमी का नहीं होता, मॅडम. जिस दिन नक्शा पास हुआ, उसी दिन से वो गाड़ियों का है."

रामाजींनी कागदावरून मान वर केली. "भाऊ, हा एक आदमी म्हणजे मीच ना?"

"अरे, ती बोलायची पद्धत असते. आपण नाटकातली माणसं, तुला सांगायला पाहिजे का? शेवट वाच ना."

रामाजींनी शेवट वाचला. लिहिलं होतं, 'बस, उसी बेसमेंट का एक कोना हमारे नाटक के लिए छोड़ दीजिए.' त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे तुम्ही बोलाल?"

"मग कायले लिहिलं? टाळी पडली की लगेच बोलतो. लोक खूश असतात तेव्हा मागावं."

"संघाले चालंल?"

"संघाला मी बघतो. तू फक्त उठून हो म्हण. तुझं तुला बोलायची गरज नाही."

बेसमेंटच्या वाक्यावर भूषणभाऊ अडत होते म्हणून रामाजींनी ते पुन्हा पुन्हा घोटून घेतलं. टाळी कुठं पडेल, तिथं किती थांबायचं, तेही दाखवलं. स्वतः काय बोलायचं ते रामाजींनी मनात जुळवून ठेवलं होतं. घरी जाताना ते त्यांनी सोडून दिलं.

सुनावणी मंगल भवनात होती. समोर टेबलामागे निगमच्या मॅडम, बाजूला कारकून, आणि खुर्च्यांवर अर्धा बाजार. डॉक्टर म्हणाले, पेशंटला रिक्षातून उतरवायलाही जागा नाही. फुटपाथवर पोहे विकणाऱ्या शकुबाई म्हणाल्या, "सगळ्यांच्या गाड्यांची सोय करून राहिले, माह्या गाडीचं काय? तिलेही चाकंच हायत." हशा पिकला. टायरवाले राजदीप उठले. "मॅडम, बरसात में हमारे बेसमेंट में घुटने तक पानी रहता है. वहाँ कार खड़ी करें या नाव?" आणखी हशा. मॅडमही हसल्या आणि पंप बसवण्याचं लिहून घ्या म्हणाल्या.

मग भूषणभाऊंचं नाव पुकारलं. रामाजी तिसऱ्या रांगेत डावीकडच्या टोकाला बसले होते. मुद्दाम नाही, पाय तिकडेच गेले. भूषणभाऊंनी माइक बाजूला सारला आणि पहिल्याच वाक्याला सभा गप्प झाली. काय आवाज होता अजून. बाजार, गिऱ्हाईक, येणाऱ्या पिढ्या. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

आणि भूषणभाऊंचे खांदे पडले.

लोकांना वाटलं, परिणामासाठी थांबले. रामाजींना कळलं, अडले. भूषणभाऊंचे डोळे छताकडे गेले, मग हातांकडे. मागून कोणी खाकरलं. कोणीतरी "अंकल को पानी दो" म्हणालं आणि दबकं हसू फुटलं. तो माणूस डोळ्यांसमोर मरत होता, आणि रामाजींचे ओठ त्यांना न विचारता हलले.

"बेसमेंट."

डावा कान किंचित वळला. "बेसमेंट किसी एक आदमी का नहीं होता, मॅडम," भूषणभाऊ गरजले. "जिस दिन नक्शा पास हुआ, उसी दिन से वो गाड़ियों का है."

टाळ्यांचा पाऊस पडला. संघाची माणसं उभी राहिली. कोणी त्यांचा हात हातात घेतला, कोणी पाठ थोपटली. भूषणभाऊंच्या चेहऱ्यावर तो जुना उजेड आला, आणि त्या उजेडातच ते वळले आणि खुर्चीत जाऊन बसले.

एक वाक्य राहिलं होतं. रामाजींच्या जिभेवर ते तयार होतं. पण टाळी पडली होती, नट आत वळला होता.

"रामाजी लांजेवार," कारकुनानं वाचलं. "शुभम कॉम्प्लेक्स, बेसमेंट."

रामाजी उठले. मनात जुळवलेलं आता आठवेना. आठवत होतं ते एकच वाक्य, अक्षर न् अक्षर, पण ते भूषणभाऊंचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज निघाला तो विंगेतला.

"बस, उसी बेसमेंट का एक कोना..."

"ज़ोर से बोलिए, बाबा," मॅडम म्हणाल्या.

कोक ओव्हनमध्ये भट्टीच्या वर आवाज चढवणारा माणूस. त्यानं पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा तेवढंच. "एक कोना हमारे नाटक के लिए..." कारकुनानं कानामागे हात धरला, मग तोंड वाकडं केलं. मॅडमना ऐकू गेलं नाही. शेजारच्यालाही गेलं नाही. पण दोन रांगा पुढे भूषणभाऊंचा डावा कान वळला. रामाजींनी तो वळताना पाहिला. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं, की त्या कानात शब्द गेला आणि पुढच्याच क्षणाला तो सभागृहभर झाला नाही. रामाजी वाट बघत उभे राहिले.

संघाच्या अध्यक्षांचा हात अजून भूषणभाऊंच्या खांद्यावर होता. भूषणभाऊंनी मान खाली घातली आणि कोटाच्या बटणाशी चाळा करू लागले.

"आपत्ति तो नहीं है न?" मॅडमनी समजुतीच्या सुरात हरकत आहे का ते विचारलं. मागे बरीच नावं होती. रामाजी खाली बसले. कारकुनानं पान उलटलं.

नियम मंजूर झाला. तळघर पूर्ण मोकळं करायचं ठरलं. तलवारी आणि मुकुट एका शाळेनं नेले. पडदे उलगडले तर घड्यांवर फाटले. पडद्यावरचा राजवाडा मधोमध चिरला. तुळशीवृंदावनाचा पुठ्ठा ओलीनं भिजून भिंतीला चिकटला होता, तो खरवडून काढावा लागला. मोहित कामावर होता. टेम्पो उतारावरून खाली आणला होता; रामाजी टेम्पोवाल्याबरोबर एकेक वस्तू त्यात चढवत होते. सिंहासन घराच्या गच्चीवर, प्लास्टिकखाली ठेवायचं ठरलं होतं.

ते बांधत असताना भूषणभाऊ आले. सुनावणीनंतर पहिल्यांदाच. उताराच्या तोंडाशी उभे राहिले, खाली उतरले नाहीत.

"त्या दिवशी मले ऐकू आलं नाही, रामाजी," ते म्हणाले. "कान गेले आता."

रामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. "हो, भाऊ. आवाजच लहान होता माहा."

"तेच. मी म्हटलं, काहीतरी बोलून राहिला, पण काय ते समजेना."

"समजणार कसं? माइकही नव्हता ना जवळ."

भूषणभाऊंनी मान हलवली. पण ते गेले नाहीत. टेम्पोवाल्यानं सिंहासन आडवं केलं, मखमल एका बाजूनं उसवली. पायाखालची वीट तळघरातच राहिली. पुढे कोणीतरी ती गाडीच्या चाकाला अडसर म्हणून लावली.

"रामाजी," भूषणभाऊ म्हणाले. "मले..."

आणि अडले. खांदे पडले, डोळे हातांकडे गेले, आणि सवयीनं डावा कान हळूच टेम्पोकडे वळला.

पुढचा शब्द रामाजींना माहीत होता. तो जिभेवर आलाही होता. त्यांनी तो गिळला, पाठ वळवली आणि सिंहासनाची दोरी आणखी आवळली.