लागू न पडलेली ॲस्पिरिन

नागपूरला डॉक्टरकी शिकून मी दर्यापुरात दवाखाना टाकला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. लढाई चालू होती. विलायती औषधांची बाटली हाती आली की सोनं मिळाल्यासारखं वाटायचं. त्या हिवाळ्यात माझ्याकडे ॲस्पिरिनची एक मोठी बाटली होती आणि सांधेज्वराचे दोन रोगी होते.

एक गावातलेच मराठी शाळेचे मास्तर. घसा दुखून आला, मग ताप, मग गुडघे सुजले. भरपूर ॲस्पिरिन दिली आणि चौथ्या दिवशी मास्तर खुर्चीत बसून पोरांच्या पाट्या तपासत होते. दुसरी रोगी चार कोसांवरच्या खेड्यातली एक पाटलीण. वय तिशीच्या आत, अंगानं दणकट. तिलाही तोच घसा, तोच ताप. आधी गुडघे, मग घोटे, मग मनगटं. पांघरूण पायाला लागलं तरी ती ओरडायची. बाटली तीच, गोळ्या तेवढ्याच. दहा दिवस झाले, तरी ताप उतरेना आणि सूज हलेना.

मी अमरावतीला गेलो. तिथे एक बडे डॉक्टर होते, त्यांचा शब्द साऱ्या जिल्ह्यात चाले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ॲस्पिरिननं उतरला नाही, तर तो सांधेज्वरच नव्हे. हाडांचा क्षय असेल. प्लास्टरमध्ये घाला पाय आणि सहा महिने निजवून ठेवा."

सहा महिने! परतीच्या मोटारीत मला ती बाई दिसत राहिली. तिला दोन लहान मुलं होती. आणि माझं मन सांगत होतं की हा क्षय नाही. क्षय असा एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात उड्या मारत नाही.

मग एकच शंका उरली, की ती गोळ्या घेतच नसेल. पुष्कळ बायका घेत नसत, उशाखाली ठेवत. शिकताना आम्हाला एक साधी परीक्षा दाखवली होती. ॲस्पिरिन पोटात गेली की लघवीवाटे बाहेर पडते, आणि त्यात फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकले की जांभळा रंग येतो. मी तिच्या नवऱ्याकडून बाटलीत तिची लघवी मागवली. मास्तरांचा इलाज अजून चालूच होता, त्यांचीही घेतली आणि दोन नळ्या शेजारी शेजारी धरल्या.

मास्तरांच्या नळीत फिकट जांभळा रंग आला. पाटलिणीची नळी शाईसारखी काळीजांभळी झाली.

म्हणजे बाई गोळ्या घेत होती, इमानानं घेत होती. पण औषध अंगात थांबतच नव्हतं, भराभरा वाहून जात होतं. का? मी दोन्हींत लिटमसचा कागद बुडवला. मास्तरांचा लाल झाला, तिचा निळा. निळा म्हणजे क्षार. कसला तरी क्षार तिच्या पोटात जात होता, तोही थोडाथोडका नाही, आणि तोच औषधाला लघवीवाटे बाहेर ढकलत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बैलांच्या दमणीत बसून तिच्या गावी गेलो आणि तिच्या खाटेपाशी ठाण मांडलं. गोळ्यांची वेळ झाली. तिच्या जावेनं गोळ्या दिल्या आणि पाठोपाठ पांढरट पाणी भरलेला पितळी पेला पुढे केला.

"हे काय?" मी विचारलं.

"सोडा व्हय, डाक्टरसायेब," जाऊ म्हणाली. "गोळीनं तिच्या पोटात आग पडते ना."

"दिवसातून किती वेळा देता?"

"जवा आग पडते तवा. आठ खेपा होतात, दहा होतात."

"कोणी सांगितलं सोडा द्यायला?"

जावेनं पेला खाली ठेवला. "अवं, तुमीच तं सांगतलं!"

खरंच होतं. पहिल्या दिवशी मीच बोललो होतो, जळजळलं तर चिमूटभर खायचा सोडा घ्या. शिकलेलंच सांगितलं होतं. मास्तरांनाही सांगितलं होतं, पण त्यांना त्या चवीनं ओकारी आली म्हणून त्यांनी तो कधी घेतलाच नाही. इथे चिमटीचा चमचा झाला होता. मला लाज वाटली, पण कोडं सुटल्याचा आनंदही झाला.

"आजपासून सोडा बंद," मी म्हणालो. "गोळी कुटून द्यायची, भरल्या पोटी, वरून पेलाभर दूध."

"अन् आग पडली तं?" खाटेवरून पाटलिणीनं विचारलं.

"पडली तर मला शिव्या द्या. पण तीन दिवस माझं ऐका."

"बरं. तीन दिवस आयकतो. चवथ्या दिवशी शिव्या."

ते तीन दिवस मी दवाखान्यात धड बसलो नाही. मास्तर रोज येऊन विचारायचे, "काही कळलं का हो?" चौथ्या दिवशी दुपारी तिचा नवरा छकडा उधळत आला. मला वाटलं, घात झाला. त्यानं छकड्यातून खाली उडी मारली.

"ताप?" मी विचारलं.

"ताप काल सांजेलेच उतरला, सायेब. आज ते सोताहून उठून बसली. पोराले मांडीवर घेऊन राहिली!"

मास्तरांनी तिथेच टाळ्या वाजवल्या.

दीड महिना मी तिला खाटेवरून उतरू दिलं नाही, कारण या तापाचं भय हृदयाला असतं. दर दोन-चार दिवसांनी तिच्या गावी जाऊन छातीला नळी लावून ठोके ऐकले. ते स्वच्छ राहिले. फाल्गुनात तिला आणि तिच्या नवऱ्याला घेऊन मी अमरावतीला गेलो. बड्या डॉक्टरांनी तिचे गुडघे वाकवून पाहिले, छाती तपासली, माझ्या वहीतली पानं वाचली आणि चष्मा काढला.

"मी सांधेज्वराच्या प्रत्येक रोग्याला सोडा देत आलो," ते म्हणाले. "आणि ज्यांना गुण आला नाही, त्यांचा रोगच वेगळा ठरवत आलो." मग कंपाउंडरला हाक मारून त्यांनी माझ्यादेखत सांधेज्वराचं ते सोड्याचं मिक्श्चर बदलायला सांगितलं.

पाटलीण तोवर टेबलावरून उतरली होती. बाहेर नवरा टांगा बोलवायला निघाला, तशी ती त्याच्यावर खेकसली, "टांगा काहून पाह्यजे? मले काय झालं?" आणि भर बाजारातून ती आमच्या दोघांच्या पुढे मोटारअड्ड्याकडे चालू लागली. आम्हाला तिच्या मागे जवळजवळ धावावं लागलं.