अक्कानं धरलेला कान

अक्काचा मिस कॉल दोनदा वाजून थांबायचा. चौदा वर्षं, सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला. दोन रिंगा म्हणजे "गोळी घे". मग गोळी गिळून मी तिला दोन रिंगा द्यायच्या, म्हणजे "घेतली, आता गप बस". गेल्या महिन्यात एका सकाळी फोन वाजला आणि थांबलाच नाही. तिसरी रिंग, चौथी... तिथंच मला कळलं. तिचा मुलगा दत्ता होता. "मामा, आई झोपेतच गेली." गोळी माझ्या हातात होती. आधी ती गिळली, मग खाली बसलो. बायको म्हणाली, "काय माणूस आहात!" पण अक्का असती तर तिनंही आधी गोळीचंच विचारलं असतं.

अक्का म्हणजे कौसल्या, माझी थोरली बहीण. गंगापूरजवळच्या गावात तिच्या वीस-बावीस शेळ्या. मी इथं शहरात गवंडी. शाळा चौथीपर्यंत, पण माझी भिंत ओळंब्याला कधी चुकली नाही, विचारा कुणालाही. छप्पन्नाव्या वर्षी माझ्या दोन्ही किडन्या गेल्या. अक्का शेळ्या शेजारणीकडं सोपवून आली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "माझी काढा. ह्याला इचारत बसू नका, हा नाय म्हणंल." मी खरंच नाही म्हटलं. बहिणीचं अंग कापून घ्यायचं, मला कमीपणा वाटला. पण माझं कुणी ऐकलं नाही. किडनी बसली, लघवी सुरू झाली, आणि अक्का आपल्या टाक्यांवर हात दाबून अख्ख्या वॉर्डाला सांगत फिरली, "माझी चालू झाली! माझी चालू झाली!"

सहा महिन्यांनी मी ठणठणीत झालो आणि गुपचूप गोळ्या बंद केल्या. माझं म्हणणं सरळ होतं. किडनी सख्ख्या बहिणीची, एकाच आईच्या पोटची, माझं अंग तिला परकं म्हणेलच कसं? गोळी घेणं म्हणजे बहिणीवर भरवसा नसणं. तीन आठवड्यांत तोंड सुजलं, लघवी आटली. अक्काची किडनी जायला लागली होती.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टच्या मागच्या बाजूला पेनानं चार गोल काढले. म्हणाल्या, रक्तात टी पेशी असतात. छातीच्या हाडामागं त्यांची शाळा भरते, आपल्याच अंगावर धावणाऱ्या तिथंच काढून टाकतात, बाकीच्या पहाऱ्याला निघतात. पहिला गोल म्हणजे परकं दिसलं की हाका मारून सगळ्यांना गोळा करणारी. दुसरा, जाऊन मारणारी. एरवी ती रोगानं बिघडलेल्या पेशी मारते, तुमच्यात किडनीवर सुटलीय. तिसरा, पुरे आता म्हणून आवरणारी. चौथा, एकदा बघितलेलं वर्षानुवर्षं ध्यानात ठेवणारी. "गोळी ह्यांचा जोर कमी ठेवते, काका."

अक्का लगेच म्हणाली, "बाई, ती आवरणारी ह्याच्यात पयल्यापासूनच कमी हाय."

मी हटलो नाही. "पण ही परकी कशी? सख्खी बहीण हाय माझी!"

"गप रं," अक्का म्हणाली. "माझ्या शेळीफुडं तिच्या सख्ख्या बहिणीचं करडू धर. हुंगती आन् ढुशी मारती. तिला नातं कळत नाय, वास कळतो. मग म्या सकाळ-संध्याकाळ तिचा कान धरून उभी करते, तवा करडू दूध पितं. गोळी म्हंजे कान धरणं. तू कान सोडला."

"शेळी आठ दिवसांत मानती की!"

"शेळ्या इसरत्यात. ह्या इसरायच्या नाय." तिनं चौथ्या गोलावर बोट ठेवलं. डॉक्टरीणबाई हसायला लागल्या, म्हणाल्या, आता सगळ्या पेशंटांना मी असंच सांगणार. अक्का मात्र हसत नव्हती. "म्या दिलेलं तू असं मारून टाकणार व्हय रं?" मी स्वतःहून गोळी मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच.

तीन दिवस सलाइनमधून औषध दिलं. किडनी वाचली. घरी आलो त्या सकाळी आठला पहिल्या दोन रिंगा वाजल्या.

लोक विचारतात, किडनी दिली म्हणून गेली का? मीही डॉक्टरीणबाईंना घाबरतच विचारलं. नाही म्हणाल्या, हृदय थांबलं. चौदा वर्षं एका किडनीवर ती शेळ्यांमागं जेवढी चालली, तेवढा मी दोनवर कधी चाललो नाही.

आता रिंगा मीच देतो, दोन्ही वेळा. दत्ताला सांगितलं, नंबर बंद करायचा नाही. त्यानं तिचा फोन गोठ्यात तिच्या जागी, मेढीच्या खांबाला अडकवून ठेवलाय. परवा तो वैतागून म्हणाला, "मामा, तुमच्या रिंगा वाजल्या की समद्या शेळ्या माना वर करून वरडत्यात. तुमची गोळी झाली की आई चारा टाकायची नव्हं. आता मला उठावं लागतंय!"

शेळ्या विसरतात म्हणायची अक्का... एवढं एकच तिचं चुकलं. आणि ते मी तिला रोज दोनदा सांगतो.