कमलबाईंनी पुरलेल्या अळ्या

कल्पना करा, उन्हं अजून अंगणात उतरलेली नाहीत. डाव्या हातातलं सूप तुम्ही गुलाबाखाली धरलंय. फांदीला हलकेच टिचकी मारायची. टपटप हिरव्या अळ्या सुपात पडतात आणि शेपूट उचलून तुमच्यावरच रुसतात.

नरसीजवळच्या कमलबाईंचा दिवस हल्ली असा उजाडतो. त्यांचा गुलकंद नरसीच्या एका दुकानात जातो. लेकरं बोट बुडवून चाटतात, म्हणून झाडावर विषाचा थेंब पडू द्यायचा नाही, हा कमलबाईंचा शब्द.

दिवाळीआधी अळ्या आल्या आणि पानांच्या नुसत्या शिरा उरल्या. शेतकीची पदविका शिकणाऱ्या सपनाने, त्यांच्या लेकीने, माणसाला न बाधणारं जिवाणूंचं औषध आणून फवारलं. अळ्या खातच राहिल्या.

सपनाने एक अळी तळहातावर उलटी केली. "माय, चुकलं माझं. हे फुलपाखराचं पिल्लू न्हाई. पोटाखाली पाय बघ किती जास्त हाईत! हे करवती माशीचं पोरगं. ह्याला ते औषध लागू न्हाई."

"माशीचं? मंग इतकं खाऊन राहिलं काहून?"

शेवटी कमलबाईंनी सगळ्या अळ्या वेचल्या आणि शेण-पाला पुरतात तशा झाडांच्या बुडाशी पुरल्या. "झाडाचं खाल्लं, झाडालाच दिलं," त्या म्हणाल्या. झाडांना लालसर पालवी फुटली. त्यांना हायसं वाटलं.

पण त्याच कोवळ्या शेंड्यांवर एका सकाळी पिवळ्या पोटाच्या माश्या दिसल्या. शेंडे चिरून त्या आत अंडी घालत होत्या. सपनाने खुरप्याने बुडाची माती उकरली, तर रिकामे कोष निघाले.

"माय, मोठी झालेली अळी मातीतच कोष करती. तू तर तिला अंथरूण घालून दिलंस!"

ओसरीवरून सपनाचे वडील शेषराव हसले. "सपनाची माय, औंदा पेरणी लई साधली तुमची!"

"हसा. गुलकंद मागू नका फक्त."

कमलबाईंनी चिरलेले शेंडे कापून जाळले, माती उलथून उन्हात टाकली. चुकून राहिलेल्या अळ्या आता सुपातून थेट साबणाच्या पाण्यात जातात. आज पहिल्यांदा परडी भरली. पाकळ्यांवर साखर पसरताना त्या मध्येच थांबल्या.

"सपना, मातीखाली तर अंधार. मंग वर झाडाला कोवळं फुटलं, हे कोषातल्या माशीला कोण सांगतं गं?"