राखणदाराची भाकरी

नव्वदच्या दशकात माझा भाऊ हृदयाच्या ऑपरेशनसाठी मुंबईच्या एका रुग्णालयात दाखल होता. शेजारच्या खाटेवर मुरबाडच्या पुढचे, वैशाखरे गावचे एक म्हातारे शेतकरी होते. बोलताना ते छातीवर तळवा ठेवत. त्यांचं नाव मी विचारलं नाही.

त्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्यांना समजावलं. झोपेत त्यांचं थोडं रक्त काढून पिशवीत ठेवतील, उरलेलं सलाइनने पातळ करतील आणि शेवटी त्यांचंच रक्त त्यांना परत देतील. म्हणजे दुसऱ्याचं रक्त कमी लागेल.

"पातल झालेलं नीट फिरतंय का, ते कोन बघनार?"

"मीच. पूर्ण वेळ यंत्राच्या पडद्यावर नजर ठेवून."

सकाळी नर्सला त्यांच्या उशाशी फडक्यात बांधलेली नाचणीची भाकरी सापडली. "आजोबा, उपाशी राहायचं सांगितलं होतं ना!"

"माजी नाय गो, राखनदाराची हाय. रातच्याला भात राखाया जो शेतातल्या माल्यावर बसतो, त्याला आमी आदी जेवू घालतो. उपाशी मानसाची नजर हटली, का डुकरं शिरली."

तेवढ्यात आलेल्या डॉक्टरबाईंपुढे त्यांनी ती भाकरी धरली, तशा बाई हसल्या. त्यांनी उभ्या उभ्या अर्धी भाकरी खाल्ली. तोवर म्हातारे स्ट्रेचरवर चढले नाहीत.

काही दिवसांनी ते वॉर्डात परतले. आवाज खोल गेला होता. बाई तपासायला आल्या, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "बाकीची अर्धी?"

"तुमचं रक्त तुम्हाला परत दिल्यावर खाल्ली," बाई म्हणाल्या.